उष्णताप्रेमी बुरशींची जनुकीय अभियांत्रिकी आणि प्रथिन संकुलांचा अभ्यास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यीस्ट किंवा न्यूरोस्पोरा या तंतुमय बुरशीवर काम केलेले संशोधक उष्णताप्रेमी बुरशींकडे वळतात तेव्हा त्यांना जे प्रश्न पडतात, ते साधारणपणे सारखेच असतात. जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे प्रश्न थोडे वेगळे, पण तेवढेच रास्त असतात. दोन्ही प्रकारचे प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत. जेथे सांगण्यासारखे पुष्कळ आहे तेथे उत्तर लांबले आहे.

उष्णताप्रेमी बुरशी नेमकी कोणाला म्हणायचे?

कूनी आणि इमर्सन यांनी १९६४ मध्ये मांडलेली व्याख्या आजही प्रमाण मानली जाते. ज्या बुरशीची वाढ ५० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाला होऊ शकते आणि २० अंशांच्या खाली होत नाही, ती उष्णताप्रेमी. व्याख्येचा दुसरा भाग पुष्कळदा विसरला जातो. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस ५० अंशांच्या पलीकडे तग धरते, परंतु २० अंशांच्या खालीही वाढते, त्यामुळे ती उष्णतासहिष्णू ठरते, उष्णताप्रेमी नव्हे. केंद्रक असलेल्या सजीवांची वाढ साधारण ६० ते ६२ अंशांवर थांबते आणि या मर्यादेच्या अगदी जवळ पोहोचणारे जे मोजके सजीव आहेत त्यांत या बुरशी येतात. कुजणारा पालापाचोळा, कंपोस्टचे ढीग, शेण, आतून तापणारे ओलसर गवत ही त्यांची वसतिस्थाने होत. ज्ञात बुरशींच्या प्रचंड संख्येत अशा जाती जेमतेम काही डझन आहेत.

प्रथिन संकुलांचा अभ्यास इतका अवघड का असतो?

पेशीतील बहुतेक महत्त्वाची कामे एकटे प्रथिन करत नाही. अनेक प्रथिने एकमेकांना धरून उभी राहतात आणि त्या जोडणीतून काम होते. अडचण अशी की यांतील बरीच जोडणी सैल, तात्पुरती किंवा विशिष्ट क्षारतेवर अवलंबून असते. पेशी फोडली की आतला द्राव शेकडो पटींनी पातळ होतो आणि जे घटक केवळ दाटीमुळे एकत्र राहिले होते ते सुटू लागतात. शुद्धीकरणाच्या प्रत्येक टप्प्यावर एखादा घटक गळतो आणि शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसते ते अर्धे संकुल असते. त्यातही मोठ्या संकुलांचे हाल अधिक. यीस्टमधील केंद्रकीय छिद्र संकुलाचे, म्हणजे केंद्रकात ये-जा करण्याच्या दाराचे, वजन सुमारे ५२ मेगाडाल्टन (एक मेगाडाल्टन म्हणजे हायड्रोजन अणूच्या वजनाच्या साधारण दहा लाख पट) असून त्यात सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांच्या साडेपाचशे प्रती असतात. इतकी मोठी रचना अखंड बाहेर काढणे तर दूरच, तिचे सुटे भाग हाताळतानाही त्यांच्या गुठळ्या होतात.

उष्णतेत राहणाऱ्या सजीवाची प्रथिने अधिक टिकाऊ का असतात?

प्रथिनाची घडी टिकवून धरणारी ऊर्जा मुळातच तुटपुंजी असते. घडी राहणे आणि उलगडणे यांतील फरक काही थोड्या हायड्रोजन बंधांएवढाच असतो. ५० अंशांवर जगणाऱ्या पेशीला हा फरक वाढवावाच लागतो, नाहीतर तिची प्रथिने सतत उलगडत राहतील. त्यासाठी उत्क्रांतीने एकच एक युक्ती वापरलेली नाही. कोठे पृष्ठभागावर विरुद्ध विद्युतभारांच्या जोड्या वाढलेल्या दिसतात, कोठे आतला जलविरोधी गाभा अधिक घट्ट भरलेला असतो, तर कोठे लोंबणारी वळणे आखूड झालेली असतात. संकुलांच्या बाबतीत महत्त्वाचे हे की दोन प्रथिनांमधील सांध्यालाही हाच ताण सोसावा लागतो, म्हणून तोही अनेकदा बळकट झालेला आढळतो.

शुद्धीकरण तर ४ अंशांवर होते आणि नमुना शेवटी गोठवलाच जातो. मग उष्णतेत टिकण्याचा फायदा कोणता?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, पण सर्वप्रथम तोच विचारला गेला पाहिजे. शीतगृहात उष्णतेचा मारा होत नाही हे खरेच आहे. परंतु ज्या गुणांमुळे प्रथिन ५५ अंशांवर टिकते, तेच गुण त्याला इतर माऱ्यांपासूनही बऱ्याच अंशी वाचवतात. अतिविरळ द्राव, तासन्‌तास चालणारे शुद्धीकरण आणि क्रायो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनासाठी (गोठवलेल्या रेणूंच्या इलेक्ट्रॉन-प्रतिमा घेण्यासाठी) नमुना जाळीवर पसरताना हवा आणि पाणी यांच्या सीमेवर होणारी ओढाताण ही त्याची उदाहरणे होत. शिवाय प्रत्येक सजीवाची प्रथिने त्याच्या स्वतःच्या तापमानाला साधारण सारखीच लवचीक असतात असे मानले जाते. त्या अर्थी ५५ अंशांचे प्रथिन ४ अंशांवर आणले की त्याच्या हालचाली मंदावतात आणि सर्व रेणू जवळपास एकाच ढबीत सापडण्याची शक्यता वाढते. स्फटिक मिळवण्यासाठी आणि हजारो प्रतिमांची सरासरी काढण्यासाठी एवढा एकसारखेपणा फार मोलाचा असतो. मात्र ही हमी नव्हे. उष्णताप्रेमी बुरशीचेही काही घटक पहिल्या धुण्यातच गळून पडतात आणि असे झाल्यास आश्चर्य वाटून घेण्याचे कारण नाही.

याहून कितीतरी जास्त तापमानाला राहणारे जिवाणू उपलब्ध असताना बुरशीकडे का वळायचे?

जिवाणूंनी या क्षेत्राला भरभरून दिले आहे, यात शंका नाही. थर्मस थर्मोफिलस या जिवाणूच्या रायबोसोमच्या, म्हणजे प्रथिने बनवणाऱ्या यंत्राच्या, लहान उपघटकाची रचना वेंकटरामन रामकृष्णन यांच्या गटाने उलगडली आणि २००९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्या कामाचा वाटा होता. परंतु जिवाणूला केंद्रक नसते. त्यामुळे केंद्रकीय छिद्र नाही, जनुकसंदेशाची काटछाट करणारे स्प्लाइसोसोम नाही, हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएचे क्रोमॅटिन नाही आणि केंद्रिकेत, म्हणजे केंद्रकातील एका दाट भागात, घडणारी रायबोसोमची दीर्घ जुळणीही नाही. माणसाच्या पेशीतील ज्या यंत्रणांबद्दल आपल्याला उत्सुकता असते त्यांतील बऱ्याचशा केंद्रकयुक्त पेशींतच असतात. उष्णतेत तगणारे आणि केंद्रक असलेले असे दोन्ही गुण एकत्र हवे असतील तर निवड बहुधा बुरशींपाशीच येऊन थांबते.

या कामात किटोमियम थर्मोफिलमचेच नाव सतत का येते?

ही बुरशी ला टूश यांनी १९५० मध्ये वर्णन केली. तिची वाढ ५० ते ५५ अंशांवर सर्वांत जोमदार होते आणि सुमारे ६० अंशांपर्यंत ती तग धरते. २०११ मध्ये हायडेलबर्ग येथील एड हर्ट, पीअर बोर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए-क्रम, प्रसिद्ध केला. तो सुमारे २.८३ कोटी बेस-जोड्यांचा असून त्यात प्रथिनांचे संकेत देणारी ७,२२७ जनुके नोंदवली गेली. त्याच लेखात या माहितीचा उपयोगही करून दाखवला होता. यीस्टच्या केंद्रकीय छिद्रातील काही मोठी प्रथिने हाताळायला त्रासदायक ठरत होती, त्यांची या बुरशीतील समकक्ष प्रथिने प्रयोगनळीत एकत्र आणून त्यांच्यापासून संकुलाचा आतला भाग जुळवता आला. जीनोम आणि त्याचा ठोस उपयोग एकाच वेळी समोर आल्यामुळे रचनाशास्त्रज्ञांचे लक्ष या बुरशीकडे वळले आणि तिच्यावर ठरले.

त्याच वर्षी मायसेलिऑफथोरा थर्मोफिला आणि थिलाविया टेरेस्ट्रिस या दोन उष्णताप्रेमी बुरशींचे जीनोमही प्रसिद्ध झाले. पण त्या कामाचा रोख वनस्पतींचे तंतुमय भाग पचवणाऱ्या एन्झाइमांकडे होता. आजही मायसेलिऑफथोराचा वापर मुख्यतः उद्योगांत आणि किटोमियमचा रचनाशास्त्रात, अशी ढोबळ वाटणी दिसते.

जनुके ई. कोलाय या जिवाणूमध्ये घालून प्रथिने हवी तेवढी तयार करता येतात. मग बुरशीचेच जनुकीय रूप बदलण्याचा खटाटोप कशासाठी?

दोन-तीन प्रथिनांचा संच हवा असेल तर ई. कोलाय पुरेसा आहे आणि तेथे बुरशीत हात घालण्याची गरज नाही. पण ज्या संकुलात वीस-तीस घटक आहेत, त्यांतील काहींवर पेशी रासायनिक खुणा करते, काही जण आरएनएला गुंडाळून बसतात आणि काही केवळ जुळणीच्या मधल्या टप्प्यापुरते येऊन निघून जातात, ते संकुल जिवाणूत उभे करता येत नाही. अशा संकुलात कोण कोण आहे हेच मुळात पूर्ण ठाऊक नसते; मग कोणकोणती जनुके उचलून ई. कोलायमध्ये घालायची? याउलट एकाच घटकाला पकडण्याजोगे शेपूट (प्रथिनाच्या टोकाला लावलेला जादा तुकडा) जोडून ते बुरशीच्याच पेशीत बनू दिले, तर त्याच्या ओढीने बाकीचे सोबती आपोआप हाती येतात आणि आपल्याला माहीत नसलेलेही त्यांत सापडतात. या क्षेत्रात जनुकीय अभियांत्रिकीचे खरे महत्त्व येथेच आहे. बुरशीकडून नवे काही करवून घ्यायचे नसते. ती जे करतच असते ते अखंड बाहेर काढता यावे यासाठी एक मूठ बसवायची असते.

बुरशीच्या पेशीत डीएनए कसा पोहोचवतात?

सर्वांत रुळलेली पद्धत प्रोटोप्लास्टची, म्हणजे भिंत काढलेल्या पेशींची, आहे. बुरशीच्या पेशीभोवती कायटिन आणि ग्लुकान यांची जाड भिंत असते आणि तिच्यातून डीएनए आत जात नाही. म्हणून कोवळे, नुकतेच वाढलेले कवकजाल (बुरशीच्या तंतूंचे जाळे) घेऊन ते पेशीभित्तिका पचवणाऱ्या एन्झाइमांच्या मिश्रणात काही तास हलवत ठेवतात. ही एन्झाइमे बहुधा मध्यम तापमानाच्या बुरशींपासून मिळवलेली असल्यामुळे हा टप्पा ३० अंशांच्या आसपास करावा लागतो. म्हणजे ५० अंशांवर वाढणारी बुरशी त्या काळात तिच्या दृष्टीने थंडीतच असते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर आधी तंतूंच्या टोकांना फुगवटे येतात, मग तेथून गोल, काठ चकाकणारे प्रोटोप्लास्ट सुटू लागतात. भिंत गेल्यामुळे साध्या पाण्यात ते फुटतात, म्हणून सॉर्बिटॉलसारख्या पदार्थाने द्रावाचा परासरण दाब शेवटपर्यंत राखावा लागतो.

यानंतर डीएनए, कॅल्शियम क्लोराइड आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल घालतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉलमुळे पटले एकमेकांना चिकटतात आणि डीएनएला आत शिरायला वाव मिळतो. मग प्रोटोप्लास्ट सॉर्बिटॉलयुक्त आगर माध्यमावर पसरून त्यांना भिंत पुन्हा बांधू देतात आणि तापमान वाढवतात.

येथे एक अगदी साधी वाटणारी अडचण पुष्कळांना गाठते. आगर ५० अंशांवर वितळत नाही, पण तबकड्या झपाट्याने वाळतात. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब माध्यमावर पडून नुकत्याच उगवलेल्या वसाहती एकमेकींत मिसळतात आणि कडेचे आगर आक्रसून भांड्यापासून सुटते. दमट पेटी, जाडसर ओतलेले माध्यम आणि उलट्या ठेवलेल्या तबकड्या एवढ्याने निम्मा त्रास कमी होतो. उरलेला निम्मा बुरशीच्या वेगाचा आहे. तिचे तंतू इतक्या वेगाने पसरतात की वसाहती वेळेवर उचलल्या नाहीत तर कोणती कोठून आली हे सांगता येत नाही.

रूपांतरित, म्हणजे बाहेरचा डीएनए स्वीकारलेल्या, पेशी वेगळ्या काढण्यासाठी नेहमीची प्रतिजैविके का चालत नाहीत?

या विषयाचा खरा कस येथे लागतो. प्रयोगशाळेत रुळलेली बहुतेक निवड-जनुके (ज्यांच्यामुळे रूपांतरित पेशी औषधातही जगतात ती जनुके) जिवाणूंकडून आलेली आहेत. हायग्रोमायसिनचेच उदाहरण घ्या. या औषधाला निष्प्रभ करणारे एन्झाइम मूळचे ई. कोलायचे आहे आणि ई. कोलाय ३७ अंशांवर सुखाने जगतो. हेच एन्झाइम ५० अंशांवरील पेशीत तयार झाले तर ते घडी नीट न बसल्यामुळे निकामी होते. म्हणजे डीएनए आत पोहोचूनही पेशी मरते आणि संशोधक मात्र रूपांतरणच झाले नाही असे समजून पद्धत बदलत राहतो. तापमान उतरवून निवड करावी, तर बुरशीची वाढ रखडते आणि औषधाने न मेलेल्या पेशींची पार्श्वभूमी वाढते.

यावरचा तोडगा बुरशीच्याच जीनोममध्ये सापडला. २०१६ मध्ये हर्ट यांच्या गटाने किटोमियम थर्मोफिलमच्या रूपांतरणाची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यात निवडीसाठी याच बुरशीचे अंगभूत, उष्णतेत टिकणारे जनुक वापरले होते. ते जनुक आहे एर्ग-१. त्यापासून स्क्वालीन इपॉक्सिडेझ हे एन्झाइम बनते आणि बुरशीच्या पेशीपटलाला लागणाऱ्या अर्गोस्टेरॉलच्या निर्मितीतील एक आवश्यक पायरी ते पार पाडते. गजकर्णावर वापरले जाणारे टर्बिनाफीन हे औषध नेमके हेच एन्झाइम अडवते. अशा स्थितीत एन्झाइम मुबलक बनवले, किंवा औषध त्याला नीट धरू शकणार नाही असे रूप दिले, तर पेशी औषधातही वाचते. एन्झाइम मुळातच त्या तापमानाचे असल्यामुळे ते उलगडण्याची भीती राहत नाही.

दुसरा मार्ग पोषणावर आधारलेल्या निवडीचा. युरासिल बनवण्याचे जनुक बंद पडलेला वाण घेऊन त्याला ते जनुक परत दिले की फक्त रूपांतरित पेशी युरासिलविना वाढतात. ही पद्धत स्वच्छ आहे, परंतु आधी तसा वाण हाताशी हवा.

घातलेले जनुक हव्या त्या जागीच बसते का?

नाही, आणि तंतुमय बुरशींचा हा जुनाच हट्ट आहे. यीस्टमध्ये दोन्ही टोकांना थोडासा सारखा क्रम जोडला तरी जनुक नेमक्या जागी जाते. तंतुमय बुरशींत मात्र तुटलेली टोके जशी सापडतील तशी जोडणारी दुरुस्ती-यंत्रणा प्रबळ असते आणि बाहेरचा डीएनए जीनोममध्ये कोठेही शिरतो. न्यूरोस्पोरामध्ये २००४ साली दाखवण्यात आले की या यंत्रणेतील केयू प्रथिनांची जनुके काढून टाकली तर योग्य जागी बसण्याचे प्रमाण, जे एरवी १० ते ३० टक्क्यांच्या घरात असते, ते जवळजवळ १०० टक्क्यांवर जाते. त्यानंतर अनेक बुरशींत हीच युक्ती वापरली गेली.

शुद्धीकरणापुरते पाहिले तर जागेचा इतका आग्रह धरण्याची गरज नसते. शेपटीयुक्त प्रत दुसरीकडे बसली तरी ती संकुलात शिरते आणि पकडता येते. फक्त लक्षात ठेवावे की मूळ, बिनशेपटीची प्रतही पेशीत असतेच. दोघींची संकुलातील जागेसाठी स्पर्धा होते आणि उत्पन्न घटते. आणखी एक खाचखळगा असा की बुरशीच्या तंतूत अनेक केंद्रके एकत्र नांदतात. औषधाच्या तबकडीवर वाढलेल्या वसाहतीत काही केंद्रके बदललेली आणि काही मूळचीच असू शकतात. म्हणून वसाहत औषधयुक्त माध्यमावर पुन्हा पुन्हा टोकाकडून उचलून पसरवावी लागते. पीसीआरने (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवून) जनुक आणि वेस्टर्न ब्लॉटने (प्रतिपिंडाने ओळखून) प्रथिन असे दोन्ही तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. पीसीआरची पट्टी सुरेख आणि प्रथिनाचा पत्ता नाही, असे दृश्य या कामात नवे नाही.

क्रिस्पर, म्हणजे डीएनए ठरावीक जागी कापण्याचे तंत्र, वापरता येते का?

येते, पण तापमानाकडे पाहून. मायसेलिऑफथोरा थर्मोफिलामध्ये कॅस-९ हे डीएनए कापणारे प्रथिन वापरून जनुके बदलण्याचे काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ती बुरशी साधारण ४५ अंशांच्या आसपास उत्तम वाढते. नेहमीच्या कॅस-९ चा मूळ जिवाणू माणसाच्या शरीरात राहणारा असल्यामुळे ५० अंशांच्या वर त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. उष्णताप्रेमी जिओबॅसिलस जिवाणूंकडून मिळालेली कॅस-९ प्रथिने सुमारे ७० अंशांपर्यंत काम करतात. दुसरा उपाय वेळेचा आहे. तयार कॅस-९ आणि मार्गदर्शक आरएनए यांची जोडी प्रोटोप्लास्टमध्ये थेट घातली, तर काप घालण्याचे काम तापमान वाढवण्याआधीच्या काही तासांत उरकून घेता येते.

पकडण्यासाठी कोणते शेपूट जोडतात आणि शुद्धीकरण प्रत्यक्षात कसे होते?

प्रोटीन-ए, टीईव्ही प्रोटीएझ या प्रथिन कापणाऱ्या एन्झाइमाचे काप-स्थान आणि फ्लॅग नावाचा छोटा तुकडा अशी तिहेरी जोडणी किटोमियममध्ये चांगली चालते. प्रोटीन-ए प्रतिपिंडाला घट्ट धरते, टीईव्हीच्या साहाय्याने संकुल प्रतिपिंड बसवलेल्या मण्यांवरून सौम्यपणे सोडवता येते आणि फ्लॅगमुळे दुसऱ्यांदा पकडता येते. दोनदा पकडल्यामुळे योगायोगाने चिकटलेली प्रथिने बरीच गळतात.

कवकजाल मोठ्या फ्लास्कमध्ये हलवत वाढवतात, गाळून घेतात, दाबून पाणी काढतात आणि ताबडतोब द्रव नायट्रोजनमध्ये टाकतात. गोठलेले तुकडे चक्कीत गोळ्यांच्या माऱ्याखाली दळले की पिठासारखी बारीक पूड मिळते. या संपूर्ण वेळेत नमुना गोठलेलाच असला पाहिजे, कारण पेशीतील प्रोटीएझेही उष्णतेत टिकणारीच असतात आणि वितळण्याच्या पहिल्या काही मिनिटांत ती आपले काम सुरू करतात. प्रोटीएझ-रोधक द्राव आधीच तयार ठेवून पूड त्यात विरघळवावी. नंतर अपकेंद्रीकरणाने गाळ खाली बसवावा, वरच्या चरबीच्या थराला धक्का न लावता मधला स्वच्छ द्राव काढावा आणि तो प्रतिपिंड बसवलेल्या मण्यांबरोबर फिरवावा.

टीईव्हीच्या टप्प्यावर यीस्टच्या सवयीने घाई केली जाते. संकुलाच्या पोटात दडलेले काप-स्थान टीईव्हीला सापडत नाही. अशा वेळी एन्झाइम वाढवण्यापेक्षा शेपूट प्रथिनाच्या दुसऱ्या टोकाला जोडून नवा वाण तयार करणे बहुधा अधिक फलदायी ठरते. ते वेळखाऊ आहे, म्हणून माझे मत असे की सुरुवातीपासूनच दोन्ही टोकांचे वाण समांतर तयार करावेत.

हिरवे प्रकाशमान प्रथिन या तापमानात चमकते का?

एकदा घडी बसली की ते चांगलेच टणक असते. अडचण घडी बसण्याची आहे. जेलीफिशकडून आलेल्या मूळ रूपाची घडी ३७ अंशांवरही पुरेशी नीट बसत नाही. घडी वेगाने बसणारी सुधारित रूपे किंवा मुद्दाम उष्णतास्थिर केलेली रूपे वापरावीत. प्रकाश मंद दिसला तर प्रथिन कमी बनले की त्याची घडी बसली नाही, हे वेस्टर्न ब्लॉटने ताडून पाहावे.

जनुक हवे तेव्हा चालू-बंद करता येते का?

किटोमियममध्ये शर्करेनुसार चालू-बंद होणारे प्रवर्तक (जनुक चालू करणारे डीएनएचे भाग) २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. त्यांचे विशेष मोल घातक प्रथिनांच्या अभ्यासात आहे. संकुलातील एखाद्या घटकाचे बिघडवलेले रूप सतत बनत राहिले तर बुरशी मरते किंवा ते रूप दडपून टाकते. आधी कवकजाल पुरेसे वाढवून मग शर्करा बदलली, तर बिघडलेले संकुल साठलेल्या अवस्थेत हाती येते. सततच्या निर्मितीसाठी मात्र अ‍ॅक्टिनसारख्या नेहमी चालू असलेल्या जनुकांचे प्रवर्तक पुरतात.

या मार्गाने आजवर काय हाती लागले?

केंद्रकीय छिद्राचा उल्लेख वर आला आहेच. हायडेलबर्गप्रमाणेच कॅलिफोर्नियातील आंद्रे होएल्झ यांच्या गटानेही या बुरशीच्या प्रथिनांवरून छिद्राच्या आतल्या कड्याची जुळणी समजावून दिली. रायबोसोमच्या जन्माबाबतचे काम तर अधिकच बोलके आहे. रायबोसोमच्या लहान उपघटकाची जुळणी ९०-एस नावाच्या अवाढव्य पूर्वरूपापासून सुरू होते. त्यात डझनावारी जुळणी-प्रथिने, यू-३ आरएनए आणि अर्धवट घडी बसलेला रायबोसोमी आरएनए एकमेकांत गुंतलेले असतात. किटोमियमपासून मिळवलेल्या या पूर्वरूपाची रचना २०१६ मध्ये एड हर्ट आणि रोलांड बेकमान यांच्या गटांनी क्रायो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने दाखवली आणि पुढच्याच वर्षी ती ३.२ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) इतक्या बारकाईने मिळाली. मधल्या अवस्थेतील, मुळातच फार काळ न टिकणारी रचना इतक्या तपशिलात दिसावी, यात नमुन्याच्या टिकाऊपणाचा हात आहे असे मानायला जागा आहे.

जनुकीय बदल न करता केलेले कामही नजरेआड करू नये. थर्मोमायसेस लॅन्युजिनोसस या दुसऱ्या उष्णताप्रेमी बुरशीच्या मेदाम्ल-निर्माण संकुलाची, म्हणजे सुमारे २.६ मेगाडाल्टनच्या पिंपाकार यंत्राची, स्फटिकरचना झुरिकच्या नेनाद बान यांच्या गटाने २००७ मध्ये ३.१ अँगस्ट्रॉमपर्यंत सोडवली होती. २०१७ मध्ये किटोमियमचा पेशीद्राव केवळ आकारमानानुसार विभागून, कोणतेही शेपूट न जोडता, त्यातील मोठ्या संकुलांच्या समूहांचा नकाशा तयार करण्यात आला आणि मेदाम्ल-निर्माण संकुलाची रचनाही त्याच द्रावातून काढता आली. विपुल असलेल्या संकुलांसाठी हा मार्ग स्वस्त आणि सरळ आहे. दुर्मीळ संकुलांसाठी मात्र शेपटीला पर्याय नाही.

बुरशीत दिसलेली रचना माणसाला लागू पडते का?

गाभ्यापुरती बहुधा पडते, कडेला पडेलच असे नाही. केंद्रकीय छिद्राची आठपदरी सममिती आणि त्यातील मुख्य घड्या यीस्टपासून माणसापर्यंत टिकून आहेत, परंतु माणसाचे छिद्र यीस्टच्या दुपटीहून वजनदार आहे आणि त्यात काही अधिकचे घटक आहेत. संकुलाचे नियमन करणारी लांब, घडी नसलेली टोके तर जातीगणिक बदलतात. औषधाचा रेणू कोठे बसतो यासारखा सूक्ष्म निष्कर्ष मानवी प्रथिनावर पडताळल्याशिवाय सांगू नये.

टिकाऊपणाची काही किंमत मोजावी लागते का?

लागते. खोलीच्या तापमानाला ही एन्झाइमे अनेकदा रेंगाळतात. क्रियाशीलता मोजायची असेल तर मापन ४५-५० अंशांवर करावे लागते आणि मग जोडीला वापरलेली इतर एन्झाइमे त्या तापमानाला टिकतात का, हा नवा प्रश्न उभा राहतो. यीस्टच्या अर्कात किटोमियमचे एखादे प्रथिन मिसळून केलेल्या प्रयोगात ते निष्क्रिय दिसले तर त्यावरून निष्कर्ष काढण्यापूर्वी तापमानाचा संशय घ्यावा. यीस्टचे जनुकीय भांडारही येथे नाही. हजारो तयार वाण, झटपट संकर, एका आठवड्यात जनुक काढून टाकण्याची सोय, यांतले काही मिळत नाही. म्हणून जनुकाचे कार्य यीस्टमध्ये शोधावे आणि रचना किटोमियममध्ये पाहावी, ही जोडगोळी मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

संगणक आता प्रथिनांच्या रचना वर्तवतो. मग हे सारे कशाला?

अल्फाफोल्डसारख्या साधनांनी एकेका प्रथिनाची घडी आणि पुष्कळ जोड्यांचे सांधेही विश्वासार्हपणे वर्तवता येऊ लागले आहेत, ही मोठीच मदत आहे. क्रायो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनातून मिळालेल्या धूसर नकाशात अशी वर्तवलेली रचना बसवून पाहणे हे आता रोजचे काम झाले आहे. परंतु विशिष्ट क्षणी संकुलात कोण हजर आहे, कोणाच्या किती प्रती आहेत आणि आरएनए कोणत्या अवस्थेत अडकला आहे, हे पेशीतून काढलेला नमुनाच सांगतो.

या बुरशी हाताळताना धोका कितपत असतो?

किटोमियम थर्मोफिलम रोगकारक म्हणून ओळखली जात नाही. मात्र तिच्या काही नातलग जाती आणि अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटससारख्या उष्णतासहिष्णू बुरशी माणसात संसर्ग घडवू शकतात आणि ५० अंशांच्या पेटीत उष्णतासहिष्णू बुरशींचा शिरकाव झाला तर त्या तेथे वाढू शकतात. उच्च तापमानामुळे बाहेरच्या बुरशी आपोआप मरतील या भरवशावर राहू नये. जनुकीय बदल केलेल्या वाणांना त्या-त्या देशाचे जैवसुरक्षा नियम लागू होतात आणि टाकाऊ कवकजाल ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बाहेर जाता कामा नये.

एकाच बुरशीची दोन-दोन नावे का आढळतात?

वर्गीकरण बदलले म्हणून. किटोमियम थर्मोफिलम आता थर्मोकिटॉइडीस थर्मोफिला आणि मायसेलिऑफथोरा थर्मोफिला आता थर्मोथेलोमायसेस थर्मोफिलस या नावाने नोंदवली जाते. शोध घेताना दोन्ही नावे टाकावीत. संवर्धन-संग्रहातून वाण मागवताना नावापेक्षा वाणाचा क्रमांक पाहावा. किटोमियमचा जीनोम ज्या वाणाचा आहे तो डीएसएम १४९५ या क्रमांकाने मिळतो.

काम नव्याने सुरू करताना कोणत्या क्रमाने पुढे जावे?

पहिल्याच दिवशी डीएनए हातात घेऊ नये. आधी मूळ वाण प्रत्यक्ष वापरायच्या तापमानाला, वापरायच्याच माध्यमावर टर्बिनाफीनच्या वेगवेगळ्या मात्रांत वाढवून पाहावा आणि जी किमान मात्रा वाढ पूर्ण थांबवते ती ठरवावी. दुसऱ्या प्रयोगशाळेची मात्रा जशीच्या तशी उचलली तर माध्यमातील फरकामुळे फसगत होते. त्यानंतर औषधाविना प्रोटोप्लास्ट पसरून त्यांच्यापैकी कितीजण भिंत बांधून पुन्हा वाढतात ते मोजावे. हे प्रमाण नगण्य असेल तर रूपांतरणाचे सारे प्रयत्न वाया जातात आणि दोष डीएनएला दिला जातो. हे दोन्ही जमल्यावर केवळ निवड-जनुक घालून पाहावे आणि शेपटीचे बांधकाम त्यानंतरच हाती घ्यावे. पहिले शेपूट विपुल आणि ओळखीच्या संकुलातील प्रथिनाला जोडावे, म्हणजे जेलवरच्या पट्ट्या पाहून शुद्धीकरण जमले की नाही हे लगेच कळते. तपासून झालेला प्रत्येक वाण ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवावा आणि मोठ्या फ्लास्कची पेरणी दर वेळी त्या साठ्यातून करावी. तबकडीवरून तबकडीवर नेत राहिलेल्या वाणात औषधाचा दाब सुटला की बिनशेपटीची केंद्रके पुन्हा वरचढ होण्याची शक्यता असते.